फटाक्यांच्या आवाजात कुत्रा शांत राहावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फटाक्यांची भीती ही कुत्र्याची खोड नाही आणि हट्टही नाही. बऱ्याच कुत्र्यांमध्ये ती कमी करता येते, पिल्लांमध्ये तर बहुतेकदा टाळताही येते. मात्र त्यासाठी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे नीट कळायला हवं. खालच्या बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट वेगवेगळ्या रूपात येईल: आधी आवाज, लगेच काहीतरी चांगलं, आणि हे प्रत्येक वेळी.

कुत्र्याला फटाक्यांचीच एवढी भीती का वाटते?

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत. त्यामुळे रॉकेट वर जाताना वाजणारी शीळ आपल्याला जेवढी बोचते त्याहून कितीतरी जास्त त्याला बोचते. पण खरी अडचण आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या बेभरवशीपणात आहे. पाऊस येण्याआधी वारा सुटतो, अंधारून येतं. फटाक्याला अशी कुठलीच चाहूल नसते. आवाज कुठून आला ते कळत नाही, पुढचा कधी येईल तेही कळत नाही, आणि लपलं तरी तो थांबत नाही. जोडीला लखलखाट, धुराचा वास आणि जमिनीतून जाणवणारा हादरा असतो. सुटकेचा मार्ग नसलेला धोका असाच त्याचा अर्थ कुत्र्याचा मेंदू लावतो.

ही भीती जन्मजात असते की नंतर लागते?

दोन्ही. आवाजाची भीती काही अंशी आनुवंशिक असते; मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांमध्ये ती जास्त आढळते. म्हणून पिल्लू निवडताना त्याच्या आईला भेटा. एखादी वस्तू खाली पडल्यावर ती दचकली तर हरकत नाही, दचकणं स्वाभाविक आहे. ती किती लवकर सावरते ते पाहा. पाच-दहा सेकंदांत येऊन ती वस्तू हुंगणारी आई आणि अर्धा तास कोपऱ्यात बसून राहणारी आई, यांच्या पिल्लांत पुढे फरक दिसण्याची शक्यता बरीच असते.

बाकीची भीती अनुभवातून येते. कधी एकच जवळचा स्फोट पुरतो.

पिल्लू नुकतंच घरी आलंय. सुरुवात कधी करावी?

पहिल्याच दिवशी. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी ‘ही जगातली नेहमीचीच गोष्ट’ म्हणून सहज स्वीकारतो. त्यानंतर शिकता येत नाही असं नाही, पण तेच काम कितीतरी पट वेळ खातं. यासाठी पिल्लाला बाहेर न्यायची गरज नसते, त्यामुळे लसीकरण पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

पिल्लू जेवत असताना शेजारच्या खोलीत फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा. इतकं हळू, की तुम्हालाही लक्ष देऊन ऐकावं लागेल. तीन-चार मिनिटं पुरे. जेवण संपायच्या आधी आवाज बंद करा. दिवसातून एकदा, आठवड्यातून चार-पाच वेळा. घरातल्या रोजच्या आवाजांचाही असाच उपयोग करा: ताट पडलं, दार आपटलं, मिक्सर सुरू झाला की लगेच आनंदी स्वरात एखादा शब्द आणि जमिनीवर खाऊ. ‘मोठा आवाज म्हणजे जमिनीवर काहीतरी मिळणार’ हा हिशोब पिल्लाच्या डोक्यात पक्का बसवायचा आहे.

एक चूक सर्रास होते. पिल्लू पहिल्या वर्षी फटाक्यांना अजिबात घाबरत नाही, म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि काहीच करत नाहीत. मग वयात येताना, दुसऱ्या हंगामात, तेच कुत्रं पलंगाखाली शिरतं. न घाबरणाऱ्या पिल्लालाही पहिल्या हंगामात प्रत्येक आवाजामागे खाऊ द्याच. भीती नसताना बांधलेली ही जोडी सर्वांत पक्की असते.

कुत्रा घाबरलेला असताना खाऊ दिला तर भीतीलाच बक्षीस दिल्यासारखं होत नाही का?

नाही. बक्षिसाने वाढतं ते वर्तन: बसणं, पंजा देणं, दारावर उडी मारणं. भीती हे वर्तन नाही, भावना आहे. कुत्रा ठरवून घाबरत नाही, त्यामुळे खाऊ मिळावा म्हणून पुढच्या वेळी तो जास्त घाबरेल असं होत नाही. उलट धमाक्यामागोमाग प्रत्येक वेळी आवडीचा तुकडा आला, की धमाक्याचा अर्थच हळूहळू बदलतो.

कुत्र्यांच्या वर्तनाच्या संशोधक स्टेफनी रीमर यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना कोणत्या उपायाचा किती उपयोग झाला ते विचारलं होतं. प्रत्यक्ष फटाके वाजत असताना खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मालकांनी फायदा झाल्याचं सांगितलं. ही मालकांची मतं आहेत, प्रयोगशाळेतली मोजमापं नाहीत. पण जो उपाय अनेक जण ‘लाड नकोत’ म्हणून टाळतात, तोच यादीत सर्वांत वर होता.

यात क्रम सांभाळणं फार महत्त्वाचं आहे. आधी आवाज, मग खाऊ. खाऊ आधी दाखवला आणि त्यानंतर धमाका झाला, असं चार वेळा घडलं तर कुत्रा खाऊ दिसताच सावध होतो, ‘आता काहीतरी वाजणार’ म्हणून. चांगल्या उपायाची अशी वाट लागलेली बऱ्याच घरांत दिसते. म्हणून खाऊ खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवा. हात आवाजानंतरच पिशवीकडे जाऊ द्या.

दुसरी अट: कुत्रा शांत आहे की भुंकतोय हे पाहायचं नाही. धमाका झाला, खाऊ पडला. ‘आधी बस’, ‘आधी गप्प’ अशा अटी घालू नका. या घडीला शिस्त शिकवायची नाहीये.

रेकॉर्डिंगवरचा सराव नेमका कसा करायचा?

हा सराव फटाक्यांच्या हंगामाच्या किमान तीन-चार महिने आधी सुरू करा. हंगामात करू नका, कारण मध्येच खरा स्फोट झाला तर महिन्याचं काम वाया जाऊ शकतं.

साहित्य फार लागत नाही. शक्यतो मोठा स्पीकर घ्या. फोनच्या लहान स्पीकरमधून स्फोटातला खालच्या पट्टीतला दणका येतच नाही. तीन-चार वेगवेगळी रेकॉर्डिंग ठेवा: सुटे धमाके, रॉकेटची शीळ, फटाक्यांची माळ. आणि वाटाण्याएवढ्या तुकड्यांचा खाऊ, एरवी कधीच न मिळणारा. उकडलेलं, मीठ-मसाला नसलेलं चिकन बहुतेक कुत्र्यांना चालतं.

पहिल्या दिवशी आवाज सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा. कुत्र्याचा कान हलला किंवा त्याने क्षणभर स्पीकरकडे पाहिलं, एवढंच हवं. आवाज सुरू झाल्यावर एका सेकंदात पहिला तुकडा द्या, मग दर दोन-तीन सेकंदांनी एक. दहा-पंधरा सेकंदांनी आवाज बंद, खाऊही बंद. मिनिटभर थांबा. हे पाच-सहा वेळा करा आणि त्या दिवसापुरतं संपवा. एका वेळी पाच ते दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. आवाज सुरू होताच कुत्रा तुमच्याकडे ‘आण’ अशा नजरेने वळू लागला, की जोडी जुळली. सलग तीन सरावांत असं झालं तरच आवाज एक पायरी वाढवा.

वाढवल्यावर काय पाहायचं? जांभया देणं, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, कान मागे पाडणं, अंग आकसून घेणं, उष्मा नसताना धापा टाकणं, खाऊ नेहमीपेक्षा हिसकावून घेणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच दोन पायऱ्या खाली या. घाई हेच सराव फसण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. लोक तिसऱ्या दिवशी ‘काही होत नाहीये’ म्हणून आवाज एकदम पूर्ण आवाजाच्या निम्म्यापर्यंत वाढवतात आणि कुत्रा त्यानंतर स्पीकर पाहिला तरी खोली सोडतो.

आवाज बऱ्यापैकी मोठा झाला की बाकीच्या गोष्टी एकेक करून बदला: स्पीकर दुसऱ्या खोलीत, मग खिडकीबाहेर, मग संध्याकाळची वेळ, मग अंधारात टॉर्चचा झटकन लखलखाट. दर वेळी नवी गोष्ट आणताना आवाज पुन्हा कमी करा.

सरावात पूर्ण शांत असलेला कुत्रा खऱ्या फटाक्यांना मात्र घाबरला. असं का?

रेकॉर्डिंगमध्ये हादरा नसतो, वास नसतो, आणि आवाज नेहमी एकाच कोपऱ्यातून येतो. कुत्र्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कुत्र्यांना तर रेकॉर्डिंग आणि फटाका यांचा काही संबंध आहे असंही वाटत नाही. सुरुवातीपासून मोठ्या आवाजाकडेही ते दुर्लक्ष करतात. अशा कुत्र्याबाबत रेकॉर्डिंगमध्ये वेळ घालवू नका. घरातले खरे अचानक आवाज आणि प्रत्यक्ष फटाक्यांच्या वेळचा खाऊ यांवर भर द्या.

सण दोन आठवड्यांवर आलाय. आता काही करता येईल का?

येईल, पण रेकॉर्डिंगचा सराव आता सुरू करू नका. या दोन आठवड्यांत चार कामं होतात: पशुवैद्यांची वेळ घेणं, लपायची जागा तयार करणं, गळपट्टा, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि चिप (कातडीखाली बसवलेली ओळख-चिप) तपासणं, आणि घरातल्या बारीक आवाजांमागे खाऊ टाकायची सवय लावणं. यातलं पहिलं आजच करा.

कुत्र्याला शांत बसायला शिकवता येतं का?

येतं, आणि आवाजाच्या सरावाएवढंच त्याचं महत्त्व आहे. एक ठरावीक सतरंजी किंवा चटई घ्या, जी फक्त याच कामासाठी बाहेर निघेल. ती अंथरा. कुत्रा तिच्यावर आला की खाऊ चटईवरच ठेवा, हातातून देऊ नका. म्हणजे त्याचं लक्ष तुमच्या हाताऐवजी चटईकडे राहील. तो आपणहून आडवा झाला की दोन सेकंदांनी तुकडा, मग पाच, दहा, वीस. पुढे फक्त सैल पडण्याला खाऊ द्या: कंबर एका बाजूला कलली, हनुवटी चटईला टेकली, मोठा श्वास सोडला. ताठ मानेने ‘आज्ञेत’ बसलेल्या कुत्र्याला देऊ नका, कारण तो शांत नसतो, वाट पाहत असतो.

रोज पाच-सात मिनिटं केलं तर काही आठवड्यांत चटई अंथरताच अंग सैल सोडण्याची सवय लागते. भीतीच्या प्रसंगी चटई अगदी सुरुवातीपासून वापरू नका. आधी शांत खोलीत, मग घरात वर्दळ असताना, मग हळू आवाजासोबत.

लपायची जागा कशी असावी?

जागा कुत्र्यालाच निवडू द्या. आधीच्या आवाजांच्या वेळी तो कुठे गेला होता? बाथरूम, पलंगाखाली, कपाट आणि भिंतीमधली फट. तीच जागा चांगली करा. बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला न लागणारी, घराच्या मधली खोली उत्तम. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आतला दिवा लावलेला, म्हणजे बाहेरचा लखलखाट फिका पडतो. खाली जाड अंथरूण, त्यात तुमचा न धुतलेला एखादा कपडा, शेजारी पाणी.

क्रेटची, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्याची, सवय असेल तर क्रेटवर जाड चादर टाका, पण एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवा आणि दार उघडं राहू द्या. घाबरलेल्या कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडलं तर तो जाळी चावून दात मोडून घेतो, नखं उखडतात. खोलीलाही हेच लागू. त्याला आत यायची आणि बाहेर जायची मुभा असली पाहिजे; लपणं हा त्याचा आधार आहे, आणि तो आधार शिक्षा होऊन चालणार नाही. लपलेल्या कुत्र्याला ओढून बाहेर काढू नका, चावा बसायची शक्यता असते.

ही जागा निदान दोन-तीन आठवडे आधीपासून वापरात आणा. दुपारचा खाऊ, चघळायची वस्तू तिथेच द्या. त्या रात्री पहिल्यांदाच दाखवलेली जागा परकीच वाटते.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय काय करायचं?

सकाळी लवकर लांब फेरी, भरपूर हुंगू देत. दमवून टाकण्यासाठी धावडवू नका; अतिथकवा शांतता आणत नाही, चिडचिड आणतो. शेवटची लघवीची फेरी अंधार पडायच्या बऱ्याच आधी. त्या दिवसांत दिवसाही पट्टा सोडू नका, नेहमीच्या मैदानातही नाही. पट्टा हार्नेसला आणि गळपट्ट्याला, दोन्हींना जोडलेला असावा; दचकलेला कुत्रा मागे सरकला की सैल गळपट्टा डोक्यावरून निघतो. गळपट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील, तिसरं जाणार नाही एवढा घट्ट हवा.

रात्रीचं जेवण लवकर द्या, नेहमीपेक्षा पाव भाग कमी, कारण पुढे बराच खाऊ जायचा आहे. तेलकट किंवा चरबीचं एकदम जास्त खाणं टाळा. त्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. चॉकलेट, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) घातलेले गोड पदार्थ तर कुत्र्याला विषारीच आहेत.

फटाके सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पडदे ओढा आणि पंखा किंवा सलग घुमणारा आवाज लावा. स्फोटाचा दणका खालच्या पट्टीत असतो, म्हणून तो बासरीच्या सुरांनी झाकला जात नाही. ढोल-बेस असलेलं, एकसारखं चालणारं संगीत जास्त उपयोगी पडतं. पण ते तुम्हाला सहज बोलता येईल एवढंच मोठं ठेवा.

सुटे धमाके असतील तर प्रत्येकामागे तुकडा. एका रात्रीत दोनशे धमाके होऊ शकतात, तेव्हा तुकडे अगदी बारीक करा, अर्ध्या सेंटीमीटरचे. माळ किंवा सतत भडिमार असेल तर एकेकाचा हिशोब सोडा आणि चाटायला काहीतरी द्या: आत मऊ खाणं भरून गोठवलेलं रबरी खेळणं, चाटण्याची चटई. चाटल्याने आणि चघळल्याने बऱ्याच कुत्र्यांचा ताण उतरतो. अशी दोन-तीन खेळणी आदल्या दिवशीच भरून फ्रीजरमध्ये ठेवा.

बाहेरच्या दारांची काळजी घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दार उघडण्याआधी कुत्रा तेवढ्यापुरता आतल्या खोलीत बंद दारामागे आहे ना, हे पाहायचं काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे असावं. ‘कोणीतरी पाहील’ यातूनच कुत्रे निसटतात.

आणि त्याला घरी एकटं ठेवू नका.

तो खाऊला तोंडही लावत नाही. मग?

मग तो शिकण्याच्या पलीकडे गेलेला आहे. एरवी जीव टाकतो ते चिकन नाकासमोर असून कुत्रा खात नसेल, तर भीती फार वर गेली आहे असा त्याचा सरळ अर्थ. तोंडात कोंबू नका. आवाज आणखी कमी होईल अशा जागी न्या, खेळ आवडत असेल तर खेळ देऊन पाहा, नाहीतर नुसते जवळ बसा. पुढच्या रात्रीआधी औषधाबद्दल पशुवैद्यांशी बोला. दर हंगामात असंच होत असेल तर औषधाशिवाय नुसता सराव करून निभणार नाही, हे मान्य केलेलं बरं.

जवळ घेतलं, कुरवाळलं तर तो जास्त घाबरेल का?

नाही. तो जवळ येत असेल तर घ्या. सावकाश, दाबून हात फिरवा, नेहमीच्या आवाजात बोला. काहींना स्पर्श नको असतो, फक्त तुम्ही दिसायला हवे असता. हात थांबवून पाहा: तो पुन्हा टेकला तर चालू ठेवा, मान वळवली तर सोडा. दुर्लक्ष करा हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. ओरडणं, पट्ट्याला हिसका देणं यांनी मात्र भीती नक्की वाढते, कारण मग धमाक्यासोबत तुम्हीही भीतीदायक होता.

‘सवय होईल’ म्हणून त्याला फटाक्यांजवळ नेलं तर?

नेऊ नका. सुटका नसलेल्या ठिकाणी भीतीचा मारा झाला की बहुतेक कुत्र्यांची भीती आणखी घट्ट होते. काही कुत्रे दगडासारखे निश्चल होतात आणि मालकाला वाटतं सवय झाली. तो शांत झालेला नसतो, त्याने प्रयत्न सोडलेला असतो. फरक पाहायचा तर त्याला खाऊ द्या: शांत कुत्रा खातो.

औषध द्यावं का? कुत्रा त्याने गुंगीत पडून राहतो का?

जो कुत्रा थरथरतो, लाळ गाळतो, घरात लघवी करतो, दार खरवडतो किंवा दुसऱ्या दिवशीही लपून राहतो, त्याला औषध देणं ही दया आहे. प्रत्येक तीव्र भीतीच्या रात्रीने पुढची रात्र जास्त कठीण होते, म्हणून ‘शेवटचा उपाय’ म्हणून थांबून राहण्यात कुत्र्याचंच नुकसान आहे.

औषधं दोन प्रकारची असतात. एक, प्रसंगापुरती: ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन, अल्प्राझोलॅम, क्लोनिडीन, किंवा डेक्समेडेटोमिडीनचं जेल. यांतल्या गोळ्या साधारणपणे आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी पोटात जायला हव्यात. कुत्रा घाबरून गेल्यावर दिलेली गोळी बरीचशी वाया जाते. जेल गाल आणि हिरडी यांच्यामध्ये लावायचं असतं. ते गिळलं गेलं तर उपयोग होत नाही, आणि लावताना हातमोजे घालावे लागतात. दुसरा प्रकार रोज द्यायच्या औषधांचा, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा हा विचार हंगामाच्या दोन महिने आधी व्हायला हवा.

कोणतंही औषध असो, आधी एखाद्या शांत दिवशी, तुम्ही घरी असताना, त्याची चाचणी घ्या. काही कुत्रे शांत व्हायच्या ऐवजी अस्वस्थ होतात, काहींना मात्रा कमी पडते. हे सणाच्या रात्री आठ वाजता कळून काही करता येत नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंडाचा आजार किंवा चालू असलेली इतर औषधं यांची माहिती डॉक्टरांना आपणहून द्या.

एका औषधाबद्दल वेगळं सांगायला हवं: एसप्रोमाझिन. ते एकट्याने दिलं तर शरीर सुस्तावतं, पण भीती कमी होत नाही. काही कुत्रे तर आवाजाला जास्त संवेदनशील होतात. बाहेरून निजलेला दिसणारा कुत्रा आतून घाबरलेलाच असतो, फक्त त्याला हलता येत नाही. कॉलीसारख्या काही मेंढपाळी जातींमध्ये एमडीआर१ या जनुकातल्या दोषामुळे याचा परिणाम जास्त आणि लांब टिकतो. तुमच्या कुत्र्याला भीतीसाठी हेच लिहून दिलं असेल तर दुसरा पर्याय आहे का, हे मोकळेपणाने विचारा.

स्वतःच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याला विषबाधा होते, आणि त्यांनी भीती कमी होतही नाही.

घट्ट बसणारं जॅकेट, फेरोमोन, कानात कापूस: यांचा उपयोग होतो का?

जॅकेटने काही कुत्र्यांना थोडा आराम मिळतो. आधी काही दिवस शांत वेळी, खाऊसोबत घालून सवय करा; ते घालून कुत्रा पुतळ्यासारखा उभा राहिला तर ते त्याच्यासाठी नाही. फेरोमोनचे (कुत्र्याला धीर देणाऱ्या गंधद्रव्याचे) हवेत सोडणारे डिफ्यूझर निरुपद्रवी आहेत, पण तीव्र भीतीत एकट्याने पुरे पडत नाहीत. वनस्पतीजन्य थेंब आणि गोळ्या यांबाबत वर सांगितलेल्या पाहणीत फायदा सांगणारे मालक २७ ते ३५ टक्केच होते. यात हंगाम घालवू नका.

कापूस घालू नका. तो आत सरकतो, कुत्रा डोकं झटकत राहतो, आणि खालच्या पट्टीतला दणका त्याने थांबतही नाही. कानांवर बसणारे मफ मिळतात, पण त्यांची सवय करायला काही आठवडे लागतात.

घरात दोन कुत्रे आहेत, एकच घाबरतो.

भीती एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. दोघांना एकमेकांचा आधार वाटत असेल तर एकत्र राहू द्या, पण खाऊ देताना थोडं अंतर ठेवा. ताणात असलेले कुत्रे एरवी कधी भांडत नसले तरी खाण्यावरून भांडतात. सराव मात्र दोघांचा वेगवेगळा घ्या.

कुत्रा आठ वर्षांचा आहे. आजवर कधी घाबरला नाही, या वर्षी अचानक घाबरतोय.

आधी वेदना तपासा. सांधे, पाठ, दात, कान. दचकताना स्नायू आखडतात, दुखऱ्या सांध्याला झटका बसतो, आणि मेंदू त्या दुखण्याची सांगड आवाजाशी घालतो. अशा कुत्र्याची भीती अनेकदा त्या जागेशीही जोडली जाते. तो मग ठरावीक रस्त्याला जायलाच तयार नसतो. दुखण्यावर उपचार झाले की भीतीवरचं काम बरंच सोपं होतं. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये नजर किंवा बुद्धी मंदावल्यानेही बावरलेपण येतं.

अंगणात राहणाऱ्या कुत्र्याचं काय?

आत घ्या. साखळीने बांधलेला कुत्रा घाबरून कुंपणावरून उडी मारतो आणि लटकतो. आत घेणं शक्यच नसेल तर बंदिस्त, छप्पर असलेली, जमिनीलगत फट नसलेली खोली द्या आणि साखळी काढा.

तो पळून गेलाच तर?

हाका मारत मागे धावू नका. घाबरलेला कुत्रा मालकापासूनही पळतो. दिसला तर खाली बसा, अंग तिरकं ठेवा, नजर टाळा, खाऊ जमिनीवर टाका. दिसत नसेल तर सुरुवातीला जवळच शोधा: गाड्यांखाली, जिन्याखाली, झुडपांत. निसटला त्या जागी त्याचं अंथरूण आणि पाणी ठेवा. फटाके थांबल्यावर, पहाटेच्या शांततेत, बरेच कुत्रे तिथे परततात. आसपासचे दवाखाने आणि निवारे यांना लगेच फोटो पाठवा. चिपचा १५ अंकी क्रमांक आणि त्याच्याशी नोंदवलेला फोन नंबर हंगामाआधीच तपासून घ्या. जुना नंबर नोंदलेली चिप असून नसल्यासारखी.

हे सगळं करून किती काळात फरक दिसेल?

पिल्लू असेल तर पहिल्याच हंगामात. मध्यम भीतीच्या मोठ्या कुत्र्यात साधारण एक ते दोन हंगाम. फार घाबरणारा कुत्रा कदाचित कधीच बेफिकीर होणार नाही, पण पलंगाखाली रात्रभर थरथरण्यापासून चटईवर पडून, कान टवकारून, खाऊ घेण्यापर्यंत तो येऊ शकतो. सुधारणा मोजायची तर तो दचकतो की नाही हे न पाहता दचकल्यावर किती वेळात सावरतो ते लिहून ठेवा. मागच्या वर्षी चाळीस मिनिटं लागत होती आणि या वर्षी पाच लागली, तर काम बरोबर चाललंय.

फटाके संपले. दुसऱ्या दिवशी लगेच नेहमीसारखं फिरायला नेलं तर चालेल?

घाबरलेल्या कुत्र्याला पूर्ण निवळायला एक-दोन दिवस लागतात. या काळात पाहुणे, आंघोळ, नखं कापणं, नवा रस्ता हे सगळं पुढे ढकला, झोपू द्या. फिरणं छोटं, पट्ट्यावर, आणि जमिनीकडे लक्ष ठेवून. न फुटलेले फटाके, दारूची पावडर, जळक्या काड्या कुत्रे हुंगतात आणि चाटतात. त्यात बेरियमचे क्षार, क्लोरेट, कधी शिसं असतं. काही खाल्लं असावं असं वाटलं तर उलटी करवायचा घरगुती प्रयत्न करू नका. फटाक्याचं वेष्टण असेल तर ते बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. उलटी, रक्ताची हगवण, झोकांड्या खात चालणं, स्नायूंचे झटके किंवा निळसर-तपकिरी हिरड्या दिसल्या तर वाट पाहायला वेळ नसतो. घरी आल्यावर चारही पंजे ओल्या कपड्याने पुसा, बोटांच्या मधली जागाही, कारण तिथे अडकलेली पावडर तो नंतर चाटूनच काढणार असतो.